नवव्या दिवशी सुटणारी पट्टी

आमच्या घरमालकांनी माझ्या मोरीच्या पाइपाला पहिल्यांदा हात लावला तो नाडी बघायला. जिन्याखाली उभं राहून त्यांनी तीन बोटं पाइपावर टेकवली, डोळे मिटले आणि वर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तांब्याभर पाणी सोड. लय नगं. तांब्याभर."

मी वरून पाणी सोडलं. त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी मोजत असावेत. पाणी पाइपाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं, भिंतीवरून ओघळलं आणि खाली काकूंनी सारवलेल्या अंगणात पसरलं.

"हितं हाय," ते म्हणाले. "कोपऱ्याच्या खालच्या अंगाला चिरलाय. घाबरू नगंस, जगतंय."

कोण जगतंय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी नुकतीच सांगलीहून बदली होऊन उंब्रजला आले होते. पोस्टात नोकरी, राहायला वरची एक खोली आणि एक मोरी, आणि खाली हे घरमालक नवराबायको. पाइप गळाला की प्लंबर बोलवायचा, एवढंच मला माहीत होतं. त्याची नाडी बघायची असते हे आमच्या सांगलीत कुणी शिकवलं नव्हतं.

सगळी आळी त्यांना मेजर म्हणायची. आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, मग तो तिकडे स्वयंपाकी का असेना. आमचे मेजर फौजेच्या दवाखान्यात नर्सिंगवाले होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचर उचलायचं. "आमी गोळ्या झाडल्या न्हाईत, खायाला दिल्या," असं ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकायचे आणि स्वतःच हसायचे. फौजेच्या आधी ते माणच्या कोरड्या माळावरच्या मेंढरांच्या घरातले. कोकराचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या लावून तो कसा बांधायचा हे त्यांना सातव्या वर्षी येत होतं. निवृत्तीनंतर नदीजवळ राहायचं म्हणून त्यांनी उंब्रजला घर बांधलं, आणि जखमी माणसं मिळेनात तेव्हा पाइपांकडे वळले.

त्या सकाळी त्यांनी पत्र्याची हिरवी पेटी आणली. तिच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तीन बोटं रुंद पट्ट्या होत्या, दवाखान्यातल्या बँडेजसारख्या नीट गुंडाळलेल्या. धुण्याच्या साबणाची वडी, डब्यात राख, सुतळी, आणि एका कापडी पिशवीत मेंढीची काळी लोकर. त्यांनी पाइप आधी फडक्यानं पुसला, राख चोळली, पुन्हा पुसला.

"वल्यावर पट्टी धरत न्हाई," ते म्हणाले. "मग मानूस असू दे न्हाईतर पाइप."

साबण तळहातावर मळून मऊ केला, त्यात लोकर मिसळली आणि तो लगदा चिरेत अंगठ्यानं बसवला. लोकर भिजली की फुगते आणि भोक बुजवते, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग ट्यूब ताणून एकेक वेढा घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक वेढा आधीच्याला निम्मा झाकणारा, एकही सुरकुती नाही. मधे एकदा थांबून त्यांनी पाइपाला विचारलं, "घट्ट व्हतंय का रं?" आणि उत्तर मिळाल्यासारखा अर्धा वेढा सैल केला.

शेवटी पुठ्ठ्याचा एक तुकडा सुतळीनं पाइपाला लटकवला. त्यावर निळ्या पेनानं ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी सात चाळीस. पट्टी तात्पुरती. पेशंट पुढं रवाना करावा.'

"आता आठ दिसात मिस्त्री आण," ते म्हणाले. "माजं काम झालं."

मी मान डोलावली आणि विसरले. पाणी एक थेंब गळत नव्हतं, मग मिस्त्री कशाला?

मेजर विसरले नाहीत. रोज सकाळी मी जिना उतरले की खालून प्रश्न यायचा, "बोलावला का मिस्त्री?" संध्याकाळी परत आले की तोच. तिसऱ्या दिवशी तर ते पोस्टात आले. रजिस्टर पत्रांच्या रांगेत पाच माणसांमागे शिस्तीत उभे राहिले, आणि खिडकीपाशी पोचल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, पेशंटला कवा न्यायचं?"

मी म्हटलं, "नेते हो काका, या आठवड्यात."

"आठवडा म्हंजे लांब झालं. आतनं चिघळतंय ते."

रांगेतली माणसं माझ्याकडे कळवळून बघायला लागली. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी मला आईसाठी म्हणून दोन डाळिंबं आणून दिली, आणि धीर धर म्हणाल्या. मी ती घेतली. काय सांगणार?

नवव्या दिवशी रविवार होता. मी मोरीत धुणं भिजवलं होतं. पहिली बादली ओतली आणि खालून काकूंची आरोळी आली. बाहेर येऊन बघते तर पाइपाची पट्टी सुटलेली, अंगणात साबणाचं पाणी, आणि काकूंनी चटईवर वाळत घातलेल्या कुरडया त्यात तरंगताहेत. मेजर जिन्याखाली उभे. ट्यूबची पट्टी त्यांच्या हातात, परत व्यवस्थित गुंडाळलेली.

"तुम्ही सोडलीत?" मी ओरडलेच.

"आठ दिस झालं की."

"अहो, पण चांगली चालली होती ना!"

"म्हणूनच सोडली," मेजर शांतपणे म्हणाले. "पट्टी लय चांगली बसली की मानूस इसरतंय."

काकू कपाळावर हात मारून कुरडया वेचत होत्या. "ह्यांच्या ह्या खोडीपायी आळीत कुणी आमाला पाइप दाखवत न्हाई बघ," त्या मला म्हणाल्या. आणि खरंच होतं ते. मेजर फुकटात आणि सुरेख काम करायचे, पण त्यांना बोलावणं म्हणजे नवव्या दिवशीचं संकट घरात बोलावणं. आळीतले लोक गळका पाइप त्यांच्यापासून लपवत.

मी चिडून त्याच दिवशी मिस्त्री आणला. त्यानं कोपरा कापून नवा बसवला. मेजरांनी शेजारी उभं राहून सगळं पाहिलं आणि जुना चिरलेला तुकडा मागून घेतला. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी काकूंनी नव्या कुरडया घातल्या, त्या राखायला मी आणि मेजर गच्चीवर बसलो होतो. ऊन डोळ्यांवर आलं होतं. हायवेवरून ट्रक जात होते आणि इतक्या लांबून त्यांचा आवाज झोप आणणारा वाटत होता. तेव्हा त्यांनी आपणहूनच सांगितलं.

"बरफात हुतो तवाची गोष्ट. एक पोरगं हुतं, आपल्या खटावकडलं. मांडीला लागलं हुतं त्याच्या. मी पट्टी बांधली. अशी बांधली की रगात थांबलं. पोरगं हसाय लागलं. च्या मागितला, च्या दिला. वारं सुटलं हुतं, वाट दिसत नव्हती. सायेब म्हणले, बरा दिसतोय, उद्याला धाडू. मी बी म्हणलं, उद्याला धाडू."

"मग?"

"मग उजाडलं," ते म्हणाले, आणि उठून एकेक कुरडई उलटायला लागले.

सकाळपर्यंत तो मुलगा राहिला नव्हता. हे मला नंतर काकूंनी सांगितलं. त्या दिवशी मीही मेजरांबरोबर कुरडया उलटत राहिले. माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

ते घर आता आठवतं ते नेहमी हिवाळ्यातल्या सकाळचंच. कृष्णेवरून धुकं यायचं आणि समोरचा ऊस, रस्ता, विजेचे खांब, सगळं पुसून टाकायचं. कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड वास यायचा, पण गुऱ्हाळ दिसायचं नाही. अशा वेळी मेजर घोंगडं पांघरून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे, पाठ पाइपाला टेकवून. मी वर बादली ओतली की ते डोळे मिटून ऐकायचे. पाणी पाठीमागून खाली जायचं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक सुख उमटायचं.

"वतलीस का सगळी?" खालून आवाज यायचा. "अजून हाय का?"

"नाही हो काका, झालं धुणं."

"मग ऱ्हाऊ दे."

एकदा मी विचारलं, त्या सांडपाण्यात ऐकण्यासारखं काय आहे? ते म्हणाले, "आमच्याकडं माणमदी पाणी नव्हतं गं. आड खोल, वढा कोरडा. ल्हानपणी मेंढरांच्या मधी निजायचो. मेंढरं झोपंत श्वास घेत्यात ना, शंभरदोनशे, तवा पाणी वाहतंय असं वाटायचं. मला रोज नदीचं सपान पडायचं. मी नदी बघितलीच नव्हती तवा." दुसऱ्या दिवसापासून मी बादली हळू ओतायला लागले, म्हणजे जास्त वेळ पुरेल.

त्यांचे धाकटे भाऊ अजून मेंढरं राखत. दिवाळीनंतर ते कळप घेऊन नदीकाठाला उतरत आणि ऊस तुटलेल्या रानांत मेंढ्या बसवत. त्या वर्षी त्यांचा मुक्काम उंब्रजजवळच पडला. एका रविवारी मेजर मला म्हणाले, "चल, माझी माणसं बघ."

आम्ही धुक्यातून चालत गेलो. आधी नुसता आवाज आला, मग वास, आणि मग पांढऱ्यातून एक काळं तोंड पुढे आलं, त्याच्या मागे दुसरं, आणि बघता बघता आमच्या सगळ्या बाजूंनी मेंढ्या. मेजर त्यांच्यात शिरले आणि वीसएक वर्षांनी लहान झाले. जिभेनं असा काही आवाज काढला की अख्खा कळप वळला. साध्या रबरी चपला घालून ते तुटलेल्या उसाच्या खोडक्यांतून इकडून तिकडे चालत होते, कोकरं उचलत होते, भावाला हाका मारत होते. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. येताना पिशवीभर लोकर घेऊन आले.

घरी पोचल्यावर काकू दारात थबकल्या. "आवं, पाय बघा!"

फरशीवर एका पावलाचा ठसा लाल उमटत आला होता. मेजरांनी मागे वळून तो पाहिला, मग चप्पल काढून पाहिली. उसाचं खोडकं रबरातून आरपार जाऊन तळव्यात शिरलं होतं.

"माजं हाय व्हय हे?" ते आश्चर्यानं म्हणाले. "मला कसं कळलं न्हाई?"

आम्ही तिघंही हसलो. हे मी लिहायला हवं, कारण ते खरं आहे. मीही हसले.

त्यांनी पेटी उघडली, जखम धुतली, पट्टी बांधली. नेहमीसारखी, एकही सुरकुती नाही. त्यानंतर ते त्या पायात फौजेचा जुना कॅनव्हासचा बूट घालून हिंडायला लागले आणि दुसऱ्या पायात चप्पल. आळीला त्याची गंमत वाटली. मेजरांचं काय, ते काहीही करतील. हळूहळू ते तिसऱ्या पायरीवर जास्त वेळ बसायला लागले. मग पहिल्याच पायरीवर. मी येता जाता 'कसं आहे काका' म्हणायची आणि ते 'एकदम फस्क्लास' म्हणायचे. त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो हे मला दिसत होतं. पण पोस्टात त्या दिवसांत खूप काम होतं आणि ते हसत होते, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

एका सकाळी काकू वर आल्या. त्या कधी वर येत नसत. दारातच उभ्या राहिल्या, हातात धुतलेली चादर.

"पोरी, तू सांग त्यास्नी. माजं ऐकत न्हाईत. पायाला वास यायला लागलाय. धुतली तरी चादरीचा वास जात न्हाई."

"दाखवला नाही डॉक्टरला?"

"शुगर हाय त्यास्नी. पायाला चिमटा काढला तर कळत न्हाई. दवाखान्यात चला म्हनलं की पेटी उघडून बसत्यात, नवी पट्टी बांधत्यात आनि म्हनत्यात, बघ, झालं."

"किती दिवस झाले काकू?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "तुमी मेंढरं बघून आला तवापासनं. सोळा."

मला माझीच लाज वाटली. मी खाली गेले. मेजर पायरीवर बसले होते, बुटाची नाडी सैल सोडलेली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"काका, बोलावला का मिस्त्री?"

आधी ते हसले. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या काकू दिसल्या आणि त्यांचं हसू गेलं.

"तुला न्हाई कळायचं," ते म्हणाले. "आपरेशनला मी ट्रे धरून उभा असायचो. किती जणांचं पाय मी झाकून भायेर न्हेल्यात. तितं गेल्यावर काय व्हतं ते मला ठावं हाय. हाय तवर चालू दे. पट्टी बसलीया."

"त्या खटावच्या मुलाचीही बसली होती ना? तुम्ही त्याला चहा दिला होता."

हे बोलून गेल्यावर माझा मलाच राग आला. असं कुणाला बोलू नये, आणि ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याला तर नाहीच. पण मी शब्द परत घेतला नाही. मेजर वाकले, बूट काढला आणि स्वतःच्या हातानं एकेक वेढा सोडत गेले. शेवटचा वेढा सुटला तेव्हा काकूंनी तोंडावर पदर धरला. मेजर मात्र तो पाय निरखून बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"रवाना करावा लागंल," ते म्हणाले.

शेजारच्यांच्या जीपनं आम्ही कराडला गेलो. डॉक्टर तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी जखम उघडून धुतली, रक्त कुठपर्यंत पोचतंय ते मशीन लावून पाहिलं. म्हणाल्या, दोन बोटं तर जाणारच. बाकी पाऊल वाचतं का, की वर घोट्यापासून काढावं लागतं, ते अजून नक्की सांगता येत नाही. मग त्यांनी एक बारीक सुई घेतली.

"आजोबा, डोळे मिटा. टोचलं आणि दुखलं की सांगायचं."

ही सुई कशासाठी असते, ते त्या खोलीत डॉक्टरांखालोखाल मेजरांनाच कळत होतं. जिथपर्यंत दुखतं तिथपर्यंतच पाय जिवंत, आणि तेवढाच त्यांचा उरणार होता. त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली.

"दुखतंय," ते म्हणाले.

डॉक्टरांनी अजून सुई टेकवलीच नव्हती.

डॉक्टर हात तसाच धरून थांबल्या. मेजरांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. इतके दिवस मी ज्यांना वेडे म्हणत होते ते किती घाबरलेत, ते मला तेव्हा दिसलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

काकू उशाकडून उठल्या आणि पायांशी येऊन उभ्या राहिल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "खरं सांगा. किती बी ऱ्हाऊ दे, मी हाय."

मेजरांनी डोळे उघडले, काकूंकडे पाहिलं आणि परत मिटले.

"चुकलं, डॉक्टर," ते म्हणाले. "मला कळलं न्हवतं. पयल्यापासनं घ्या."

डॉक्टरांनी अंगठ्याला सुई लावली.

"न्हाई."

पुढच्या बोटाला.

"न्हाई."

बोटांच्या खाली, चवड्यावर.

"न्हाई." आवाज सरळ होता, साहेबापुढे रिपोर्ट देताना असावा तसा. सुई आणखी खाली सरकली, तळव्याच्या मध्यावर. मेजर गप्प राहिले. डॉक्टरांनी पुन्हा टोचलं. ते गप्पच. काकूंचे ओठ हलत होते. सुई अजून बोटभर मागे गेली, आणि एकदम तो पाय थरथरून मागे ओढला गेला.

"हितं!" मेजर ओरडले. "हितं दुखतंय! हितं हाय!"

डॉक्टरांनी तिथे पेनानं एक रेघ काढली, मग त्या रेघेच्या मागे दोनतीनदा टोचून पाहिलं. प्रत्येक वेळी पाय हलला. "मशीनही हेच सांगतंय," त्या म्हणाल्या. "पुढचं जाईल. पण टाच आणि घोटा राहील. आजोबा, चालाल तुम्ही."

त्या बाहेर गेल्यावर काकू पलंगावर टेकल्या आणि त्यांनी त्या रेघेच्या मागे, जिथे पाय जिवंत होता तिथे, आपला तळहात ठेवला.

"हितं व्हय?"

"व्हय."

"लय दुखतंय?"

"लय," मेजर म्हणाले. रडत होते आणि हसतही होते.

"दुखू द्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी हात काढला नाही.